दादाची जागा

आईबाबांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवशी सुहासने फोटोवरचा कागद काढला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुरात भिजून चिखलाने खाल्लेला त्यांच्या लग्नाचा फोटो स्टुडिओवाल्याने पुन्हा लख्ख करून दिला होता.

मंदाकिनीबाई मात्र फोटोत आपल्या शेजारी पाहत राहिल्या. तिथे, आईवडील गेल्यावर त्यांचं कन्यादान करणारा थोरला भाऊ उभा असायचा. आता नुसता मागचा पडदा होता.

"दादाचा चेहरा साधला नाही का रे त्यांना?"

सुहास चाचरला. "तोच तर एक शाबूत होता, आई. पण बाबा म्हणाले, काढून टाक."

"आणि तू काढलास? ज्याच्या मांडीवर तुझे कान टोचले, त्याला?"

सुहासच्या मुंजीतल्या मानपानावरून नवऱ्याने त्यांचं माहेर तोडलं, तेव्हा संसारासाठी त्या गप्प बसल्या होत्या. आत्ताही तो शांतपणे श्रीखंड वाढून घेत होता.

"पुरानेसुद्धा त्याला राखलं होतं हो," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तुम्ही पुसून टाकलंत."

त्यांनी सुहासकडून मूळ फोटो मागून घेतला, पिशवीत ठेवला आणि चपला घातल्या.

"भरल्या ताटावरून कुठे निघालीस?" नवरा ओरडला.

"माहेरी."