सल्लागार काढताना

पडद्यावरची हिरवी पट्टी त्र्याण्णव टक्क्यांवर चाळीस सेकंद थांबली, मग पुढे सरकली. संगणकावरचा सल्लागार काढून झाला होता. संगणकात मागे उरलेल्या दोनशे सहा फायलींची यादी आता उघडली होती.

घरोघरी असतो तसा हा सल्लागार नऊ वर्षं चारुलताचे सगळे निर्णय घेत होता. लडाखच्या वेधशाळेतल्या नोकरीबद्दल मात्र तो तीन वर्षं ‘अजून थांबा’ एवढंच सांगत आला होता. यंदाही तिथून बोलावणं आलं होतं आणि होकार कळवायची आज शेवटची तारीख होती.

चारुलताने अधीरपणे ‘सगळं निवडा’वर बोट नेलं.

“वहिनी, थांबा,” शेजारी बसलेली नणंद इरावती म्हणाली. “ठळक अक्षरांतल्या तेवढ्याच त्याच्या आहेत. बाकीच्या पुसल्या तर तुमची ताऱ्यांची निरीक्षणंही उघडणार नाहीत.”

“आता तूही सल्ले द्यायला लागलीस?”

“माझे नाही ऐकलेत तरी चालतं.”

चारुलता हसली. तिने एकोणीस ठळक फायली पुसल्या आणि संगणक पुन्हा सुरू केला. निरीक्षणं जागेवर होती.

“मग, जाऊ का मी?” तिने सवयीने पडद्याला विचारलं.

उत्तर आलं नाही. इरावतीनेही तोंड घट्ट मिटून घेतलं.



“मी लडाखला जातेय,” चारुलता म्हणाली.