खुर्चीवर राहिलेला मॉनिटर

करोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात आम्ही कॅनडातल्या विनिपेगच्या नव्या आया मंगळवारी माझ्या अंगणात जमायचो, सहा-सहा फुटांवर खुर्च्या टाकून. मन मोकळं करायचं, एवढाच नियम. मी मात्र फुशारक्याच मारायचे. "माझी लेक रात्रभर झोपते!" "आमचं कार्टं म्हणजे घुबड," आमच्यातली टेगन म्हणायची. एका मंगळवारी मी 'घरी भाजलेली' बिस्किटं आणायला आत गेले, पाळण्यापाशी बसले आणि हुंदके देत लेकीला सगळं सांगितलं. "तुझी आई खोटारडी आहे. बिस्किटंसुद्धा दुकानातली. मला काहीच जमत नाहीये गं." बशी घेऊन बाहेर आले तर सगळ्या माझ्याकडेच बघत होत्या. माझ्या खुर्चीवर बेबी मॉनिटर चालू होता. पाळण्यापाशी बोललेला शब्दन्‌शब्द अंगणभर ऐकू गेला होता. शरमेने मास्क कपाळापर्यंत ओढावासा वाटला. टेगन नाक पुसत उठली. "अगं, पाळण्यापासून सहा फुटांवर अजून एकीला रडायला जागा आहे का?"