घरच्या खुणा

भिंतीवरच्या पडद्यावर आईचे हात बोलत होते. नुसते हातच, चेहरा योगिनीनं चौकटीबाहेर ठेवला होता. उजव्या अंगठ्यावरच्या कढईच्या जुन्या डागावरून कौमुदीनं ते ओळखले. आईला जाऊन दोन वर्षं होत आली होती.

योगिनीला जन्मापासून ऐकू येत नाही. खुणांची रीतसर भाषा ती शाळेत शिकली, पण घरात वेगळीच चालायची, आईनं आणि तिनं मिळून रचलेली. आईच्या शेवटच्या दिवसांत योगिनीनं ती मोबाइलवर टिपून ठेवली आणि आता बडोद्याच्या अलकापुरीतल्या या गॅलरीत मांडली. आवाज नाही, खाली एक अक्षर नाही. अर्थ लिहा, असं गॅलरीवाल्यांनी परोपरीनं सांगून पाहिलं. योगिनीनं त्यांना मोबाइलवर लिहून दाखवलं, ‘लग्नाकार्यात मला कोण लिहून देत होतं?’

त्यामुळे येणारी माणसं थोरल्या बहिणीला, कौमुदीला गाठत. ती सकाळीच सावली गावाहून, सासरहून नव्हे तर खास यासाठी, आली होती आणि मोठ्या हौसेनं सांगत होती. पदर उजव्या खांद्यावर घेतला, म्हणजे शेजारच्या मंजूबेन. बोटं भुरभुरवून जिभेला वारा घातला, म्हणजे सेव-उसळ. मुठींनी गाडी वळवून मिशी पिळली, म्हणजे मकरपुऱ्याहून कंपनीची बस आली, आमचे वडील, बापू आले! “मग आमची टीव्ही बंद करायची जी धांदल उडायची!” गुजरातीत सांगता सांगता ती स्वतःच हसत होती. खांद्यावरून बोटांनी वेणी घातली की ती स्वतः. वेणी कधीच गेली होती, पण लोक तिच्याकडे वळून कौतुकानं बघत.

शेवटच्या पडद्यावर मात्र ती अडली.

इथं आईचे हात वाळले होते. खाली दवाखान्याची हिरवी चादर. आईनं चिमटीत काहीतरी धरून दोनदा खाली ओढलं. मग तळवा स्वतःकडे वळवला: येणं. मग बोटं उघडली: कधी? थोडं थांबून पुन्हा तेच. पुन्हा तेच.

येणं कळलं, कधी तेही कळलं. कोण, ते कळेना. कौमुदीनं योगिनीला विचारलं.

योगिनीनं बोट तिच्यावर टेकवलं.

कौमुदीनं पटकन हवेत वेणी घातली. मी तर ही!

‘तुझ्यासमोर ती,’ योगिनीचे हात म्हणाले. ‘तुझ्यामागे ही.’ आणि तिनं कमरेपाशी कौमुदीचा कुडता चिमटीत धरून दोनदा ओढला.

कौमुदीला तो हिसका ओळखीचा वाटला. ओट्यावर मंजूबेनच्या मुलींशी गप्पा रंगलेल्या असायच्या आणि मागून फ्रॉक ओढला जायचा. ती बोलतच राहायची. पुन्हा ओढला जायचा. फ्रॉकची शिवण त्याच एका जागी उसवायची आणि आई ती पुन्हा घालून द्यायची. कशी उसवली, हे आईनं कधीच विचारलं नव्हतं.

“म्हणजे... न वळणारी?” ती तोंडानंच बोलली. मग तेच हातांनी म्हणाली.

योगिनीनं मान हलवली. ‘नाही. आई म्हणायची, ओढलं की वळते ती.’

कौमुदी पडद्याकडे बघत राहिली. सावली ते बडोदे, बसनं तासाभराचा रस्ता. चादरीवरचे हात अजून विचारत होते.

“बेन,” मागून कुणीतरी हाक मारली. खादीचा सदरा घातलेले एक आजोबा शेवटच्या पडद्याकडे बोट दाखवत होते. “आ छेल्लामां शुं कहे छे?”

कौमुदीनं सवयीनं तोंड उघडलं. मग मिटलं.

“तिलाच विचारा,” ती गुजरातीत म्हणाली. “तिच्या समोर उभं राहून, सावकाश. तिला कळतं.”

आजोबा बिचकत योगिनीपुढे जाऊन उभे राहिले. त्यांनी विचारलं. योगिनीचे हात चालू झाले. मध्येच तिनं त्यांची बोटं धरून नीट वळवून दिली. त्यांना ते जमेना, पुन्हा करून पाहिलं आणि कशावर कोण जाणे, दोघंही खळखळून हसली.

कौमुदी बाजूला उभी होती. काय झालं, हे तिनं विचारलं नाही.