बारावी सही

१९९९ साली मराठी मंडळाच्या समितीने महाराष्ट्राबाहेरच्या या शहरातल्या मराठी कुटुंबांना विचारलं, नव्या इमारतीत वाचनालय ठेवायचं की सगळी जागा कम्प्युटर क्लासला द्यायची? वाचनालयासाठी पन्नास सह्या हव्या होत्या. ग्रंथपाल उमाजीराव सुलतान बाजारपासून मलकपेठेपर्यंत दारोदार फिरले, अकराच मिळाल्या. मुदतीच्या शेवटच्या दिवशी हिमायतनगरात त्यांनी तेजश्री नावाच्या तरुणीपुढे अर्ज धरला.

“काका, मराठी वाचता नाही येत मला. इंग्लिशमध्ये नाही का?”

उमाजीराव उंबऱ्यातच खाली बसले आणि अर्ज मोठ्याने वाचू लागले. वाचून झाला तरी तिने पुढे केलेलं पेन घेतलं नाही.

“नको असेल तर राहू दे, पोरी.”

“तसं नाही. आई गेल्यापासून या घरात कुणी मराठी वाचलंच नव्हतं,” ती म्हणाली. “सही करते. पण आधी परत एकदा वाचता काय?”