पेटीतली हवा

वर्सोव्याच्या दिपालीला होड्यांच्या दुरुस्तीत उतरायचं होतं, म्हणून ती अंधेरीला वेल्डिंग शिकत होती. तिने जोडलेली पहिली लोखंडी पेटी जेमतेम जेवणाच्या डब्याएवढी होती. गळती तपासायला विद्याधर सरांनी ती पाण्यात बुडवली. एका कोपऱ्यातून बुडबुडे आले, थांबले, पुन्हा आले. दुपार कलली तरी आतली हवा संपेना.

"सर, कोणी श्वास घेतंय असं वाटतं ना?"

"भोक राहिलंय गं. ते बुजव, की पास झालीस."

तिने पेटी पुसून भोकाशी गाल नेला. हवा उबदार होती.

"आटप," सर म्हणाले.

डोळ्यांवर काच ओढून तिने वेल्डिंगचा रॉड भोकाजवळ नेला. आत कोणीतरी खोल श्वास घेतला आणि रोखून धरला.