माझं शस्त्र

खंडेनवमीला चिखलीतल्या वर्कशॉपमध्ये माझी नात विजयश्री मशिनींना झेंडूचे हार घालत होती. मी लेथशेजारी हळूच जुनी पेन्सिल ठेवली. “आबा, हे कसलं शस्त्र?” “एकाहत्तरच्या लढाईत मी बॉम्बरमध्ये नॅव्हिगेटर होतो. बॉम्ब टाकून वळलो आणि खालून तोफा सुरू झाल्या. विमानानं असा गचका खाल्ला की पेन्सिलच उडाली. पायलट ओरडतोय, ‘अरे, घरी कुठून जायचं सांग!’ आणि मी अंधारात रांगत पेन्सिल शोधतोय. तिच्याशिवाय नकाशावर वाट आखणार कशी? सापडली एकदाची, माझ्याच बुटात! दुसऱ्या दिवशी पायजम्याची नाडी काढून पेन्सिल गळ्यात बांधली.” “आणि पायजमा?” “युद्ध संपेपर्यंत हातात धरून फिरलो.” कामगार खदखदून हसले. विजयश्रीनं मात्र नव्या मशिनसाठी आणलेला सगळ्यात मोठा हार पेन्सिलीला घातला. पेन्सिल पार बुडाली. नाडी तेवढी बाहेर लोंबत राहिली.