यादीतले चोवीस

“चौथं मंदिर. बारा मिनिटं,” गाइड म्हणाला आणि पायऱ्यांशी चपला-बुटांचा ढीग पडला. एका दिवसात शहरातली सहा बुद्धमंदिरं उरकायची होती. पहिल्या तीन मंदिरांतलं कुठलं कोणतं हे एव्हाना एकालाही सांगता आलं नसतं. एक गृहस्थ ध्यानस्थ मूर्तीसमोर उभे राहून फोनवर कुणावर तरी खेकसत होते. त्यांच्या सौभाग्यवती बाथरूम कुठे आहे ते विचारत होत्या. मनःशांतीसाठी पैसे भरून आलेली मंडळी ही.

गाइड त्यांना मनातल्या मनात मेंढरं म्हणायचा. त्याची स्वतःची विद्या म्हणजे कंपनीने दिलेली चार पानं. पुढचं सगळं खोटं बोल पण रेटून बोल. बारा वर्षांत एकाही मेंढराने त्याला अडवलं नव्हतं.

आज बसमध्ये पंचविसावा माणूस होता. मागच्या दाराजवळच्या घडीच्या सीटवर गाइडचा बाप बसला होता. बापाने उभा जन्म फरश्या बसवण्यात घालवला. कुठे कुठे बसवल्या, हे मुलाने कधी विचारलं नाही. आता म्हाताऱ्याची नजर चालली होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. “दिसतंय तोवर ती मंदिरं एकदा दाखव,” असं तो महिनाभर म्हणत होता. मुलाला वाटलं, म्हाताऱ्याचं आपलं फुकट ते पौष्टिक. घरच्यांना बसमध्ये घ्यायला कंपनीची मनाई होती, पण तेवढीच गोष्ट असती तर ड्रायव्हरला सांगून भागलं असतं. त्याला बापाच्या भेगाळलेल्या हातांची आणि नाडी बांधलेल्या चष्म्याची लाज वाटायची. सकाळी त्याने बजावलं होतं, “कुणी विचारलं तर एकटाच आलोय म्हणायचं. मला हाक मारायची नाही.” बापाने मान डोलावली होती.

“ही फरशी आठशे वर्षांपूर्वीची,” गाइडने सुरू केलं. “त्या खांबाशी बघा. सगळ्या फरश्यांच्या रेघा मूर्तीकडे जातात, एकीचीच आडवी जाते. माणसाने परिपूर्णतेचा गर्व करू नये, म्हणून भिक्खूंनी ती मुद्दाम तशी बसवली.”

मेंढरांनी माना हलवल्या. चार जणांनी फरशीचे फोटो काढले. ही गोष्ट त्या चार पानांत नव्हती. ती गाइडने स्वतः रचली होती आणि तिचा त्याला भारी अभिमान होता.

म्हातारा खांबाशी वाकला. त्याने फरशीवरून तळहात फिरवला.

“एवढी जुनी नाही ही,” तो म्हणाला. “मुद्दामही नाही. ही मी बसवलीय.”

दोघं-तिघं हसले. गाइडची कानशिलं तापली. बारा वर्षांत पहिल्यांदा त्याला कुणीतरी अडवलं होतं, आणि ते याने.

“आजोबा,” तो हसत म्हणाला, “या वयात जिकडे तिकडे आपलाच हात दिसतो. चला, लायनीत या.”

आता सगळेच हसले. म्हातारा खांबाला टेकून हळूच खाली बसला.

बसमध्ये गाइडने नेहमीप्रमाणे मिटलेल्या छत्रीच्या टोकाने डोकी मोजली. पुढून मागे, चोवीस भरली की थांबायचं. सकाळपासून तो असाच मोजत होता. चोवीस भरली. यादी जुळली. बस सुटली.

पाचव्या मंदिराशी बाथरूमवाल्या बाईंनी विचारलं, “ते आजोबा कुठंयत?”

“यादीतले सगळे आहेत, मॅडम,” गाइड सवयीने म्हणाला.

“यादीतले असतील हो. आजोबा कुठंयत?”

गाइडने मागच्या सीटकडे पाहिलं. सीट घडी होऊन भिंतीला चिकटली होती. नजर अधू झालेला माणूस, खिशात फोन नाही, घरचा पत्ता तरी धड सांगता येईल की नाही कोण जाणे. बस वळवली. मेंढरं कुरकुरली. सहावं मंदिर बुडालं तर पैसे परत मिळतील का, असंही एकाने विचारून घेतलं. फोनवाले गृहस्थ म्हणाले, “अशा म्हाताऱ्यांना एकटं सोडतातच कशी घरची माणसं?” गाइडने खिडकीबाहेर पाहिलं.

चौथ्या मंदिराशी बस थांबताच तो बुटांसकट आत धावला. बाई आणि फोनवाले गृहस्थ त्याच्या मागोमाग आले. म्हातारा त्याच खांबाशी बसला होता. शेजारी मंदिरातले वृद्ध भिक्खू बसले होते. त्यांनी म्हाताऱ्याच्या हातात पाण्याचा पेला दिला होता.

“तुमचीच वाट बघत होतो,” भिक्खू गाइडला म्हणाले. “कधीपासून मला कोडं होतं, ही एक फरशी आडवी कशी बसली. आज कळलं. काम चालू असताना यांना मुलगा झाल्याचा निरोप आला. आनंदात हात गडबडला. नंतर काढून नीट बसवायला निघाले, तर आमच्या गुरूंनी काढू दिली नाही.”

गाइड खाली बघत राहिला. त्याचा चिखलाचा बूट त्या फरशीवर होता. त्याने तो मागे घेतला.

“बरं झालं आलात,” भिक्खू म्हणाले. “हे तुमचे कोण?”

गाइडने तोंड उघडलं. मग त्याने मागे वळून पाहिलं. बाई बघत होत्या. फोनवाले गृहस्थ बघत होते. कंपनीचं नाव छातीवरच्या बिल्ल्यावर होतं. त्याने तोंड मिटलं.

म्हाताऱ्याने पेला खाली ठेवला. मुलगा अडला की आधी त्यालाच कळायचं. तो फरशीवर हात टेकून उठला आणि घाईघाईने म्हणाला,

“कोणी नाही, भंते. हे गाइड आहेत. मी एकटाच आलोय.”